सतरंज्या उचलणाऱ्या हातांत अंदाजपत्रकही द्या

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपल्या राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. निवडणुकीच्या पंधरवड्यात यांतल्या कोणत्याही गावात तरुणांशिवाय पान हलत नाही. बॅनर बांधायला तेच, मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवायला तेच, सभा संपल्यावर सतरंज्या उचलायला आणि निकालानंतर गुलाल उधळायलाही तेच. पुढची पाच वर्षे मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयाशी त्यांचा संबंध रहिवासी दाखल्यापुरता उरतो. हे पत्र त्या पाच वर्षांबद्दल आहे. तरुणांनी राजकारणात यावे, असे आवाहन सगळेच करतात. मला आवाहन करायचे नाही, कायद्यात एक भर मागायची आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्ये नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचे बंधन आहे. तसेच बंधन गावातल्या १६ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या सभेबाबत घाला आणि त्या सभेच्या प्रत्येक ठरावाला ग्रामपंचायतीने कारणांसह लेखी उत्तर देणे सक्तीचे करा. निर्णय होण्याआधी विचारले जाणे, आणि नकार मिळाला तर तो का मिळाला हे कळणे, यालाच मी सहभाग म्हणतो. बाकीची सगळी नुसती हजेरी झाली.

तरुणांना स्थानिक कारभारात जागा असावी, हा विचार काही नवा नाही. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा विधानसभेच्या उमेदवारीसाठी २५ वर्षांची अट कायम ठेवून पंचायत आणि पालिकेसाठी २१ वर्षे पुरेशी मानली गेली. कारभार शिकण्याची पहिली पायरी गावात आणि प्रभागात असते, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे आणि महाराष्ट्राचा अनुभवही तेच सांगतो. आपल्या खात्याची धुरा एके काळी सांभाळणारे आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव पोचवणारे आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले, तेव्हा ते विशीच्या सुरुवातीला होते. विलासराव देशमुखांची सुरुवात १९७४ मध्ये बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले आणि १९९७ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, महापौर. पक्ष वेगळे, प्रदेश वेगळे, घरची परिस्थितीही वेगळी. पण तिघांनाही विधानसभेच्या आधी स्थानिक संस्थेचे दार उघडे सापडले. त्या दारातून आत येणाऱ्यांना ठराव कसा लिहायचा, निधी कुठे अडतो, अधिकाऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे हातात मोठी सत्ता येण्याआधी कळते. राज्याच्या नेतृत्वाची ही शाळा आहे.

हे दार गेल्या काही वर्षांत किती काळ बंद होते, ते पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची आणि मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून तिथे प्रशासक बसले. औरंगाबाद आणि नवी मुंबई या महापालिकांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. तरी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी आदेश द्यावा लागला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली आणि महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला पार पडले. प्रभागरचना, इतर मागासवर्गाचे आरक्षण, न्यायालयातील याचिका अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. पण मार्च २०१७ मध्ये १८ वर्षांच्या झालेल्या मुंबईकर मुलीला आपला पहिला नगरसेवक निवडण्याची संधी मिळाली, तेव्हा ती २७ च्या उंबरठ्यावर होती. या काळात तिने लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा मतदान केले असेल. ज्या सभागृहात तिच्या गल्लीतले गटार आणि तिच्या बसथांब्याचा निर्णय होतो, तिथे मात्र तिच्या मताला नऊ वर्षे जागा नव्हती. महाविद्यालयांतही तेच. विद्यार्थी परिषदांच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी प्रत्यक्ष मतदान लांबतच राहिले. लोकशाहीचा सराव करण्याच्या दोन्ही जागा ज्या पिढीला बंद मिळाल्या, तिच्यावर उदासीनतेचा ठपका ठेवताना आपण थोडे थांबायला हवे.

एक अट तर खास तरुणांनाच लागू होते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल, तर तो किमान सातवी उत्तीर्ण असला पाहिजे. त्याआधी जन्मलेल्याला ही अट नाही. पन्नाशीतला माणूस शाळेची पायरी न चढताही सरपंच होऊ शकतो आणि तो व्हावाच, कारण गावाचे शहाणपण मार्कशीटवर मोजता येत नाही. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराच्या मुलीने आईवडिलांबरोबर दर दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जाऊन पाचवीत शाळा सोडली असेल, तर तिचे नाव छाननीतच बाद होते. शिक्षणाचा आग्रह योग्यच आहे. मात्र तो आग्रह धरण्याचे ठिकाण शाळा आहे. २००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची हमी दिली आहे. ती हमी शासनाला पाळता आली नाही, याची शिक्षा मुलीने तिच्या राजकीय हक्कातून भोगावी, हे न्यायाला धरून नाही. या अटीचा फेरविचार व्हावा, ही माझी दुय्यम मागणी आहे. मुख्य मुद्दा उमेदवारीच्या पलीकडचा आहे, कारण गावातले सगळे तरुण काही उमेदवार होणार नाहीत. बहुसंख्य तरुण मतदारच राहतील, आणि मतदार राहूनही त्यांचा कारभारात वाटा असू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

तो वाटा ग्रामसभेत आहे, असे कायदा म्हणतो. १८ वर्षे पूर्ण झालेला, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. प्रत्यक्षात ही सभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास, अनेकदा झेंडावंदनाला जोडून होते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती गणपूर्ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कित्येक गावांत सह्यांची वही नंतर घरोघर फिरते. जिथे सभा मनापासून भरते, तिथेही पुढच्या ओळीत सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि भावकीतली वडीलधारी मंडळी असतात. तरुण मुले दाराशी उभी राहतात, मुली बहुधा नसतातच. चुलत्याच्या ठेक्यातल्या रस्त्याबद्दल पुतण्याने सर्वांसमोर प्रश्न विचारायचा, तर त्याला संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसायचे असते. मुलगी बोलली तर तिच्या वडिलांना कुणीतरी पारावर टोमणा मारते. खुल्या सभेत कुणालाच मज्जाव नाही हे खरे, पण मज्जाव नसणे आणि बोलता येणे यांत अंतर आहे. महिलांसाठी वेगळी सभा कायद्याने आणली, ती हेच अंतर ओळखून.

सभेत जो कागद वाचला जातो, तोही जवळून पाहण्यासारखा आहे. ग्रामपंचायतीचे हिशेब १ ते ३३ नमुन्यांत ठेवले जातात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी आणि शासनाची अनुदाने. खर्चाच्या बाजूला कर्मचाऱ्यांचा पगार, पाणी योजनेचे वीजबिल, टीसीएल पावडर, गटारसफाई, महिला व बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा हिस्सा. मोठा पैसा येतो वित्त आयोगाकडून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेला ४० टक्के गावाने आपल्या गरजेनुसार ठरवायचा. २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणत्या गावाने कोणत्या कामावर किती खर्च केला, हे पाहता येते. म्हणजे निधी आहे, निर्णयाची मुभा आहे, माहितीही उघडी आहे. ही माहिती मोबाइलवर उघडून रकाने जुळवून पाहणे ज्यांना सहज जमते, नेमके तेच या चर्चेच्या बाहेर आहेत.

शासनाला तरुणांचा विसर पडला आहे, असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन देऊन त्यांना आस्थापनांत आणि शासकीय कार्यालयांत पाठवले गेले. ग्रामपंचायतीत दाखले छापणारा आणि ऑनलाइन माहिती भरणारा संगणक परिचालक बहुधा त्या कार्यालयातला सर्वांत तरुण माणूस असतो. वृक्षारोपण, स्वच्छता, लसीकरण, कोणतेही अभियान असो, तरुणांना हाक जाते आणि ते येतातही. या सगळ्यांत त्यांचे श्रम घेतले जातात, काही वेळा त्यांचे मोलही दिले जाते. मत मात्र विचारले जात नाही. ठरलेले काम करून घेण्यासाठी तरुण हवे असतात, पण काम ठरवताना ते कुणाला आठवत नाहीत. दहा वर्षांनी याच मुलांनी गाव चालवायचे असेल, तर ही विभागणी आज मोडावी लागेल.

म्हणून माझा प्रस्ताव नीट मांडतो. वर्षातून दोनदा तरुण सभा व्हावी. पहिली सप्टेंबरमध्ये, कारण पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. दुसरी एप्रिलमध्ये, आर्थिक वर्ष संपल्यावर आणि १ मेच्या ग्रामसभेआधी, झालेल्या खर्चाचा आढावा घ्यायला. वय १६ ते २५. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ग्रामसभेत मत नसले, तरी शाळा-कॉलेज, एसटी आणि मैदान यांच्याबद्दल त्यांना जे माहीत असते ते इतर कुणाला माहीत नसते, म्हणून त्यांना इथे बोलण्याचा हक्क असावा. सभेच्या आठ दिवस आधी अंदाजपत्रक आणि मागील वर्षाचा जमाखर्च फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर लागावा. सभेने जास्तीत जास्त पाच ठराव करावेत, म्हणजे मागण्यांची जंत्री न होता प्राधान्यक्रम ठरेल. इतिवृत्त तरुणांनीच लिहावे. ते ग्रामसभेत पहिल्या विषयात वाचले जावे आणि तीस दिवसांत ग्रामपंचायतीने प्रत्येक ठरावापुढे लिहावे: मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण. त्याखाली सरपंचांची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही असावी. अंतिम निर्णय ग्रामसभेचा आणि निवडून आलेल्या सदस्यांचाच राहील. तरुण सभेला हुकूम सोडण्याचा अधिकार मी मागत नाही. उत्तर मिळवण्याचा अधिकार मागतो आहे.

या प्रस्तावाचा सगळा भार लेखी उत्तरावर आहे, त्यामुळे त्याचे मोल एका उदाहरणाने दाखवतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आज राज्यभर पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने धावतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. ४०० मीटरची मातीची धावपट्टी आखली, तर मुलांच्या चार आणि मुलींच्या दोन फेऱ्या झाल्या. रोलर फिरवून केलेली सपाट माती, चुन्याच्या रेघा आणि चार खांबांवर दिवे, एवढाच खर्च. समजा, तरुण सभेने हा ठराव केला आणि ग्रामपंचायतीने लिहून दिले, की गावठाणात एवढी मोकळी जागा नाही. मग मुले जागा शोधतील. शाळेचे मैदान मोजतील, मुख्याध्यापकांशी बोलतील, ४०० मीटर बसत नसेल तर २०० मीटरची फेरी आखता येईल असे पुढच्या सभेत सांगतील. निधी नाही असे उत्तर आले, तर नमुना १ उघडून कोणत्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक आहे ते पाहतील. यातून धावपट्टी होईल किंवा होणारही नाही, पण गावाची जमीन, निधी आणि नियम काय आहेत हे त्या मुलांना कळलेले असेल. "बघू" या एका शब्दावर बोळवण झाली तर यातले काहीच घडत नाही. कारण दिलेला नकार माणसाला पुढचा प्रश्न विचारायला शिकवतो. न दिलेले उत्तर फक्त घरी बसायला शिकवते.

असे प्रयोग कुठे झाले आहेत का, हे आपण विचाराल. कर्नाटकात २००६ पासून ग्रामपंचायतींनी मुलांची ग्रामसभा घ्यावी, असे शासनाचे परिपत्रक आहे. शाळेची भिंत, अंगणवाडीचा रस्ता, बंद पडलेले स्वच्छतागृह असे प्रश्न मुले तिथे थेट पंचायतीपुढे मांडतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने २०१४ पासून १२ ते २५ वयाच्या मुलांना दहा लाख डॉलरच्या भांडवली खर्चाची कामे सुचवून त्यांवर मतदान करण्याचा अधिकार दिला. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते, तो हक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला. त्या गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांशी बोलायचे, शंका काढायच्या. निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा. वनकायदा समजून घेण्याची ती मेहनत आधी झाली नसती, तर हक्क कागदावरच राहिला असता. तरुण सभा ही प्रत्येक गावाच्या अशा अभ्यासाची जागा होऊ शकते.

महिलांच्या आरक्षणाचा अनुभवही इथे उपयोगी आहे. घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, तेव्हा बायका नावालाच सरपंच होतील आणि कारभार नवरेच पाहतील, असे छातीठोकपणे सांगितले जात होते. काही ठिकाणी तसे झालेही. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले, की महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, महिला ज्यांची मागणी करत होत्या त्या कामांवर अधिक भर दिला. पश्चिम बंगालमधील ४९५ गावांच्या आणखी एका अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की महिला प्रमुखाचा अनुभव घेतलेल्या गावांत मुलींकडून पालकांच्या आणि मुलींच्या स्वतःच्या अपेक्षा उंचावल्या. कारभारात कोण बसते यावर कामे कोणती होतात हे ठरते, आणि पुढची पिढी स्वतःला कुठे पाहते हेही. तरुणांच्या बाबतीत हे तर्कशास्त्र वेगळे असण्याचे कारण मला दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला असा, की तरुणांना रसच नाही. ते मोबाइलमध्ये किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत बुडालेले आहेत. मग पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत काय घडले ते आठवा. २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली, आणि भर उन्हाळ्यात गावांनी कुदळ-फावडे घेऊन समतल चर खणले. शहरांत नोकरीला गेलेली मुलेही श्रमदानाला गावी आली. गणेशोत्सवाची किंवा जयंतीची वर्गणी गोळा करणारे, पावती फाडणारे, हिशेब मांडणारे, विसर्जनाचा मार्ग पोलिसांशी ठरवणारे मंडळ हेच तरुण चालवतात. तिथे त्यांना रस असतो, कारण केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो आणि निर्णय त्यांचा असतो. ग्रामसभेत दोन्ही नाही. रस नाही म्हणून जागा द्यायची नाही आणि जागा नाही म्हणून रस उरत नाही, हे चक्र कुठून तरी तोडायचे, तर ते जागा देणाऱ्याच्या बाजूनेच तुटेल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. तरुणांना गावातली गुंतागुंत कळत नाही, भावनेच्या भरात ते काहीही मागतील. यात तथ्य आहे. म्हणूनच मी निर्णयाचा अधिकार न मागता ठरावाचा आणि उत्तराचा मागतो आहे. पण अनुभव हवेतून येत नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले, तेव्हा त्यांनीही तिशी गाठली नव्हती. दुष्काळाने आणि स्थलांतराने खिळखिळे झालेल्या त्या गावाने एका तरुणावर विश्वास टाकला. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पिके ठरवायची, ही शिस्त तिथे रुजली. प्रत्येक गावाला तसा सरपंच लाभेल असे नाही. मात्र दोन-चार तरुण सभांमधून गेलेला मुलगा किंवा मुलगी पुढे सदस्य झाली, तर तिला अंदाजपत्रक आणि आराखडा यांतला फरक पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल. यशदासारख्या प्रशिक्षण संस्थेला निवडून आलेल्यांना जे पहिल्यापासून शिकवावे लागते, त्यातले बरेचसे त्यांनी आधीच गिरवलेले असेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: ही सभा पुढाऱ्यांच्या मुलांच्या ताब्यात जाईल आणि गटातटाचे आणखी एक मैदान तयार होईल. हा धोका खरा आहे. त्यामुळेच तरुणांसाठी राखीव जागांची मागणी मी जाणीवपूर्वक केलेली नाही. जात आणि लिंग आयुष्यभर सोबत राहतात, म्हणून तिथे आरक्षणातून एका समूहाचे टिकाऊ प्रतिनिधित्व उभे राहते. वय मात्र सरते. वयाची राखीव जागा बहुतेक ठिकाणी माजी सरपंचांच्या मुलाला घरपोच मिळेल आणि ज्याच्या घरी कुणीच पुढारी नाही तो जिथे होता तिथेच राहील. सभा सर्वांना खुली आहे, तिच्यात पद नाही, मानधन नाही, ठेका नाही. त्यामुळे बळकावण्यासारखे फारसे काही उरत नाही. ठरावांचा पाठपुरावा करायला छोटा अभ्यासगट लागेल. त्याची निवड हात वर करून न करता सोडतीने व्हावी, निम्म्या मुली असाव्यात आणि मुदत एक वर्षाची असावी. प्रभागांचे आरक्षण आपण सोडतीनेच काढतो आणि ते सगळा गाव मान्य करतो. लेखी उत्तराची अट इथेही कामाला येते, कारण गावासमोर चिकटवलेल्या कागदावर कुणाचे काम मंजूर झाले आणि कुणाचे का नाही, हे सगळ्यांना दिसते.

चौथा आक्षेप यंत्रणेचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आधीच कामांचा डोंगर आहे, अनेकांकडे एकाहून जास्त गावांचा कार्यभार आहे. हे मान्य आहे आणि म्हणूनच प्रस्तावात इतिवृत्त लिहिण्याचे काम तरुणांवर टाकले आहे. अधिकाऱ्याचे काम वर्षातून दोनदा जास्तीत जास्त पाच ठरावांना उत्तर लिहिणे एवढेच राहते. दहा ओळींचा तो कागद लिहिणे जर जड जात असेल, तर निर्णयामागे सांगण्यासारखे कारणच नव्हते, असा त्याचा अर्थ होईल. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर असलेल्या मुलांचाही प्रश्न काढला जाईल. त्यांना सूचना आधी लेखी पाठवू द्याव्यात. गाव सोडून गेलेल्याला गावात परत यावेसे वाटेल की नाही, हे गावाने त्याचे ऐकले का यावरही अवलंबून असते.

शहरांचा विषय आपल्या खात्यात येत नाही, पण मंत्रिमंडळ एकच आहे, म्हणून एक उल्लेख करतो. महापालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत २००९ मध्ये क्षेत्र सभांची तरतूद झाली. गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या वस्तीला क्षेत्र सभा, ही कल्पना उत्तम होती. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. त्यामुळे शहरातल्या तरुणाला मतदानाच्या दिवसाखेरीज स्थानिक कारभारात शिरायला वाटच नाही. ग्रामीण भागात तरुण सभा रुजली, तर नगरविकास खात्याला तिचे अनुकरण करण्यापासून कुणी अडवणार नाही. राज्याने जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ मध्ये केला आणि १ मे १९६२ पासून तो अमलात आणला, तेव्हाही सत्ता खाली सोपवण्याचा धडा ग्रामीण महाराष्ट्राने आधी गिरवला होता.

कायदादुरुस्तीला वेळ लागतो, हे मी जाणतो. म्हणून दोन टप्प्यांत पावले टाकता येतील. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी तरुण सभा घ्यावी आणि तिच्या ठरावांना लेखी उत्तर द्यावे, असा शासन निर्णय आपले खाते काढू शकते. प्रत्येक जिल्ह्यातील एका तालुक्यात तो वर्षभर राबवून पाहा. किती सभा झाल्या, किती ठराव आले, किती मान्य झाले, अमान्य झालेल्यांना कोणती कारणे दिली गेली, ही माहिती जाहीर करा. त्या अनुभवावरून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कलम ७ मध्ये दुरुस्ती आणा. शासन निर्णय मंत्री बदलला की मागे पडतो. कायद्यातले कलम टिकते. १९९५ नंतर जन्मलेल्यांवरील शिक्षणाची अट त्याच विधेयकात तपासा. आणि कोणत्याही जिल्हा परिषदेची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी गट-गणरचनेचे आणि आरक्षणाचे काम पूर्ण झालेच पाहिजे, असे वेळापत्रक आपल्या सरकारने स्वतःला घालून घ्यावे, म्हणजे पुन्हा एखाद्या पिढीची पहिली मतदानाची वर्षे प्रशासकाच्या सहीखाली जाणार नाहीत.

यातल्या कशासाठीही नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, तिजोरीवर सांगण्यासारखा बोजा पडत नाही. लागते ती एक तयारी: वीस वर्षांच्या मुलीने प्रश्न विचारला, तर सरपंचाने आणि शासनाने तिला कारणासह उत्तर देण्याची. आपण ज्या खात्याचे मंत्री आहात, त्या खात्याने महाराष्ट्राला अनेक कर्तबगार माणसे दिली. पुढची माणसे आज अकरावी-बारावीच्या वर्गात, आयटीआयच्या कार्यशाळेत आणि भरतीच्या मैदानावर आहेत. या मागणीवर आपलाही निर्णय लेखी यावा आणि तो नकाराचा असेल, तर कारणांसह यावा, ही विनंती.

आपला नम्र,
ग्रामसभेचा एक सदस्य